आरटीएक्स ३०९०: चिप गार, मेमरी तव्यावर

एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड सप्टेंबर २०२० मध्ये १,४९९ डॉलरला आलं. आज ते सेकंडहँड घेतलं जातं ते २४ जीबी मेमरीसाठी: ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, नाहीतर घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तापण्याची, आणि तीही सहसा कोणी बघत नाही त्या जागेची.

नेहमीचा तापमानाचा, म्हणजे मुख्य चिपचा, आकडा ७० अंश दाखवत असतो. त्याच वेळी सेन्सरचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ‘मेमरी जंक्शन’ची, म्हणजे मेमरी चिपच्या आतल्या तापमानाची, ओळ बघा. तिथे १०४, १०६, कधी थेट ११०. कारण सरळ आहे. ही २४ जीबी म्हणजे १ जीबीच्या २४ चिप, १२ पुढे आणि १२ पाठीमागे. पुढच्यांना हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि पंखे मिळतात. मागच्यांच्या वाट्याला थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी) आणि बॅकप्लेटचा, म्हणजे पाठीवरचा, पत्रा. त्यात जीडीडीआर६एक्स ही मेमरीची जात मुळातच तापट. ११० गाठलं की कार्ड आपणच क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, पाडतं आणि पंखे बोंबलू लागतात. गेममध्ये हे लवकर लक्षात येत नाही; लांबलेल्या रेंडरमध्ये (थ्रीडीतलं अंतिम चित्र तयार होताना) येतं. २०२२ च्या ३०९० टीआयमध्ये २ जीबीच्या १२ चिप आल्या, सगळ्या पुढच्या बाजूला. म्हणजे दुखणं कुठे होतं ते बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगला जुंपलेली कार्डं बाजारात भरपूर आहेत. मायनिंगचा सगळा ताण मेमरीवर, त्यामुळे पॅड कडक झालेले, तेल सुटलेलं. पैसे देण्याआधी २० मिनिटं मेमरीवर लोड टाकून आकडा बघाच.

उपाय करताना स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी. आधी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा: ३५० वॅटचे २८० होतात, वेग किरकोळ घटतो. मेमरी क्लॉक उणे ५०० करा. बॅकप्लेटवर १२० मिमीचा पंखा वारा मारेल असा ठेवा. दिसायला गबाळं, पण काम करतं.

एवढ्यावर भागलं नाही तर पॅड बदला. जाडी मॉडेलनुसार वेगळी असते आणि एकाच कार्डावर दोन-तीन जाड्याही निघतात, त्यामुळे ऐकीव मापावर पॅड मागवू नका. जुना पॅड मोजून घ्यावं तर तो दबलेला असतो. मोजलेली जाडी मूळ जाडीपेक्षा कमीच भरते. अर्धा मिमी जास्त झाला की हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही. मेमरी गार होते आणि हॉटस्पॉट (मुख्य चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा आकडा) उसळतो. चिप आणि हॉटस्पॉट यांत १०-१५ अंशांचं अंतर ठीक. २५ च्या वर गेलं तर पुन्हा उघडा. उष्णता वाहून नेण्याचा जास्त वॅटचा आकडा मिरवणारे पॅड बहुधा ताठ असतात, दबत नाहीत. मापाची खात्री नसेल तर लगद्यासारखी थर्मल पुट्टी बरी, ती फटीप्रमाणे बसते. उघडताना हीटसिंक झटक्यात ओढू नका, पंख्यांच्या वायरी बोर्डाला अडकलेल्या असतात. बंद करताना चिपभोवतीचे चार स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा.

आणि चाचणी डिसेंबरात केली असेल तर ९६ वर खूश होऊ नका. मे महिन्यात खोली १२ अंशांनी तापली की मेमरीही जवळपास तेवढीच चढते.