आवाज कमी करून देतो म्हणाला आणि पाइपातच चकती ठोकली

मिशिगनमध्ये जुनी व्ही-एट (आठ सिलेंडरच्या इंजिनाची) गाडी बाळगणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. डेट्रॉइटच्या आसपास या गाड्यांचं वेड किती आहे ते ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा बघायला गेलेल्याला सांगायला नको. त्या वेडावर पोट भरणारे चांगले कारागीर इथे भरपूर आहेत. त्यांच्या आडून हात मारणारेही आहेत, आणि त्यातल्या एकाने मला कसं गंडवलं ते सविस्तर सांगतो.

गाडी 1970 ची शेव्हरोले शेव्हेल एसएस. बॅजवर 396 असलं तरी त्या वर्षीचं इंजिन प्रत्यक्षात 402 घनइंचांचं, म्हणजे साधारण 6.6 लिटर. आधीच्या मालकाने तिला ग्लासपॅक सायलेन्सर लावले होते. ग्लासपॅक म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचं वेष्टन, आवाज अडवायला आत दुसरं काही नाही. शिवाय या काळातल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर शुद्ध करणारा डबा, तो आवाजही थोडा दाबतो) नसतो, तो 1975 च्या मॉडेलांपासून आला. त्यामुळे सगळी भिस्त सायलेन्सरवर. हायवेला 2000 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास केबिनमध्ये असा घुमारा उठायचा की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलणंही अशक्य. सांगलीहून आईबाबा यायचे होते, त्यांना या गाडीतून फिरवायची फार इच्छा होती, म्हणून आवाज कमी करायचं ठरवलं.

दुकानाचं नाव देत नाही. मालक गोडबोल्या, भिंतीवर चकचकीत गाड्यांचे फोटो. त्याने लेखी अंदाजपत्रक दिलं: 304 ग्रेडच्या स्टेनलेसचे रिव्हर्स-फ्लो सायलेन्सर (आत वायूची दिशा उलटवून आवाज मारणारे), मागे दोन रेझोनेटर (उरलेला घुमारा दाबणारे डबे), इंजिनाच्या दोन बाजूंचे दोन्ही एक्झॉस्ट पाइप जोडणारा नवा एच-पाइप आणि मजुरी. एकूण अडीच हजार डॉलरच्या वर. काढलेले जुने भाग मला परत हवेत असं त्याच कागदावर मी लिहून दिलं होतं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने फोनवरच्या डेसिबल ॲपचे आकडे दाखवले, आधीचा आणि नंतरचा. फरक डोळे दिपवणारा होता. पण आधीचं माप पाइपच्या तोंडाशी, ॲक्सिलरेटर दाबून घेतलेलं; नंतरचं गॅरेजच्या दारातून, इंजिन आयडलला, म्हणजे पेडल न दाबता नुसतं चालू असताना. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने आपोआप उतरतो, त्याला कारागिरी लागत नाही. उभ्या गाडीचा आवाज मोजायची एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची ठरलेली पद्धत आहे: पाइपच्या तोंडापासून 20 इंच, 45 अंशांच्या कोनात, ठरावीक आरपीएमला. तुमच्यासमोर मोजत असतील तर दोन्ही वेळा असंच मोजायला सांगा. जुने भाग मागितले तर म्हणाला, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.

गाडी शांत झाली होती हे मात्र खरं, आणि सगळा डाव तिथेच होता. शहरात काही जाणवेना. हायवेला चढावर गाडी दम टाकायला लागली, पेडल दाबलं तरी पुढे सरकेना, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागला. दुकानदार म्हणाला, कार्ब्युरेटर ट्यून करून घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील.

मी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) आतली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला. आयडलला काटा ठीक होता. 2500 आरपीएमवर इंजिन स्थिर धरलं, तर काटा जागेवर टिकायच्या ऐवजी हळूहळू खाली उतरत गेला. एक्झॉस्ट तुंबल्याची ही जुनी, खात्रीची खूण. मग लिफ्टवर घेऊन त्याने सायलेन्सरच्या अलीकडे पाइप कापला. आत पत्र्याची एक चकती वेल्डिंगने बसवलेली, मधोमध जेमतेम इंचभराचं भोक, कडेला काजळीची कडक काळी साय धरलेली. अडीच इंची पाइपात एक इंचाचं भोक म्हणजे वाटेचा सहावा हिस्साही उरत नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच. आवाज कमी केला नव्हता, इंजिनचा गळा आवळला होता.

सायलेन्सर कापले तर आत माझेच ग्लासपॅक, वरून नवा पत्रा गुंडाळून रंगवलेले. भंगारात गेलेले भाग ते हेच! रेझोनेटर म्हणून लावलेले डबे नुसते पोकळ. लोहचुंबक सगळीकडे चटकन चिकटला. 304 ला तो जवळजवळ चिकटत नाही. 409 ग्रेडच्या स्टेनलेसला चिकटतो आणि एक्झॉस्टसाठी तोही रास्त माल आहे, म्हणून निव्वळ चुंबकावरून कोणावर आळ घेऊ नका, बिलावर कोणता ग्रेड लिहिलाय ते आधी बघा. माझ्याकडे होता तो साधा ॲल्युमिनाइज्ड (ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा.

एच-पाइप तर लावलाच नव्हता, आणि त्याचा मला सर्वांत जास्त राग आला. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. यात 8 आणि 4 उजवीकडे लागोपाठ पेटतात, 5 आणि 7 डावीकडे. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या पाइपात धक्के विषम अंतराने येतात. दोन्ही पाइप मध्ये जोडले की ते धक्के वाटले जातात आणि आवाजाचा खडबडीतपणा उतरतो. आवाज खरोखर कमी करायचा असता तर त्याने हे काम टाळलंच नसतं.

म्हाताऱ्याने सगळं नीट करून दिलं. आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांचं) फुटलेलं गॅस्केट बदललं. थंड इंजिन सुरू केल्यावर जी टिकटिक यायची ती तिथून होती, आणि पहिल्या दुकानात तिकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग लांब डब्याचे सायलेन्सर, एच-पाइप, मागे खरे रेझोनेटर. उरलेल्या घुमाऱ्यासाठी प्रत्येक पाइपाला सुमारे तीन फुटांची, टोक बंद असलेली एकेक नळी बाजूने जोडली. आठ सिलेंडरचं इंजिन 2000 आरपीएमला सेकंदाला साधारण 133 वेळा पेटतं. घुमाऱ्याची लहर त्याच तालाची असते; तिच्या पाव लांबीची नळी असली की आत जाऊन परतणारी लहर मूळ लहरीला उलटी भेटते आणि तिला मारते. वाट कुठेही अडत नाही. आईबाबा आले तेव्हा मागच्या सीटवर त्यांच्या निवांत गप्पा चालल्या होत्या.

मिशिगनमध्ये गाडीदुरुस्तीबद्दल 1974 पासून कायदा आहे. दुकान नोंदणीकृत हवं, मेकॅनिक प्रमाणित हवा, आणि काढलेले भाग मागायचा ग्राहकाला हक्क आहे. तक्रार राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात करता येते. मी केली. अंदाजपत्रक, बिल, कापलेल्या पाइपाचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडला. क्रेडिट कार्ड कंपनीकडेही तेच कागद दिले. दुकानदाराने निरोप पाठवला की अर्धे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या. मी नकार दिला, कारण तक्रार मागे घेतली की पुढच्या गिऱ्हाइकाच्या पाइपात तीच चकती बसणार. प्रकरण अजून चालू आहे.

अलीकडे कोणी असं काम करून घेतलं असेल आणि गाडी चढावर दम टाकत असेल, तर व्हॅक्यूम गेज लावून बघा, किंवा स्वस्तातला बोअरस्कोप (लांब वायरीच्या टोकावरचा छोटा) कॅमेरा मागच्या टोकातून जाईल तितका आत घाला. चकती सापडली तर पाइप कापताना फोटो काढा, तुकडे जपून ठेवा, आणि तक्रार आपल्या नावाने नोंदवा.