गोल जिन्याचं माप: उद्यमनगरातली सेवा कशी आहे?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या, मधल्या खांबाभोवती फिरणारे गोल जिने बनवणाऱ्या या फॅब्रिकेशन शॉपचं माप घेणं पक्कं आहे. भिंतीला टेप लावून उंची सांगून मोकळे होत नाहीत. लेव्हल पाईप (पातळी जुळवायची पाण्याची नळी) लावतात, स्लॅबच्या कटआउटच्या (जिन्यासाठी ठेवलेल्या भोकाच्या) मध्यातून ओळंबा सोडतात आणि तयार फरशी ते तयार फरशी उंची धरतात. खालची फरशी बसायची असेल तर तिची जाडी आधीच वजा करायला हवी. नाहीतर पहिलीच पायरी 50 मिमीनं ठेंगणी होते आणि येता-जाता पाय अडखळतो.

हिशेब समोर मांडून देतात, हे विशेष. उंची 3040 मिमी, चढ (एका पायरीवरून दुसरीवर चढायचे टप्पे) 16, म्हणजे प्रत्येकी 190. पायऱ्या 15, सोळावा चढ थेट स्लॅबवर. व्यास 1500, पायरीला 30 अंश. खांबाच्या मध्यापासून 500 मिमीवर, जिथं पाऊल पडतं, तिथं 262 मिमी जागा मिळते. पूर्ण फेऱ्याला 12 पायऱ्या, त्यामुळे डोक्यावर सव्वादोन मीटरच्या आसपास मोकळं. कटआउट मात्र 1600 तरी हवा, नाहीतर रेलिंगवरचा हात स्लॅबला घासतो.

कच्चं काम रेलिंगच्या कोटेशनचं. 15 पायऱ्यांचा बाहेरच्या कडेनं सव्वा फेरा 5890 मिमी, 15 चढांची उंची 2850. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की लांबी 6540. यांनी पाईप धरला सहा मीटरचा एकच! जोड कुठं येणार ते आधी विचारा.

अर्धगोल जिना असेल तर 1200 मिमीची सरळ पट्टी आतून वळणाला लावा. पट्टीच्या मध्यापासून वळणापर्यंतचं अंतर 150 भरलं तर वळणाची त्रिज्या 1275.