भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताय? माझ्या दोन बोटफेऱ्यांचा अनुभव (नोव्हेंबर आणि जानेवारी)

भिगवणची बोट करावी का, फ्लेमिंगो नक्की दिसतात का, आईवडिलांना घेऊन जाता येईल का, हे दिवाळीपासून मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. या सीझनला मी दोनदा गेले, एकदा दिवाळी उरकल्यावर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि एकदा संक्रांतीनंतरच्या रविवारी, दोन्ही वेळा आई बरोबर होती आणि दोन्ही वेळा बोट एकाच नावाड्याची केली. त्याचं नाव इथे टाकत नाही कारण त्याला विचारलेलं नाही. मूळचा मासेमारी करणारा माणूस, वडीलही तेच करायचे, थंडीचे चार महिने लोकांना पक्षी दाखवतो आणि बाकी वर्षभर जाळं टाकतो.

तर पैसे वसूल आहेत, पूर्ण वसूल. पण नावाडी कसा मिळतो यावर सगळं आहे. जागा तीच, पाणी तेच, पक्षी तेच, तरी एका बोटीतली माणसं खूश होऊन उतरतात आणि शेजारच्या बोटीतली म्हणतात लांबून काहीतरी पांढरं दिसलं बुवा.

आमचा नावाडी चांगला आहे हे मला फोनवरच कळलं होतं. नोव्हेंबरमध्ये बुकिंगला फोन केला तर म्हणाला, "ताई, फ्लेमिंगोसाठी येत असाल तर आत्ता येऊ नका, पाणी लई हाय. बाकी पाखरं भरपूर हायती, ती बघायची असतील तर या." गिऱ्हाईक स्वतःहून फोन करतंय आणि माणूस येऊ नका सांगतोय, मी लगेच तारीख पक्की केली.

त्याचं म्हणणं बरोबरच होतं आणि हे आधी समजून घ्या म्हणजे हिरमोड होणार नाही. भिगवणला आपण जे बघतो ते उजनी धरणाचं मागचं पाणी, फुगवटा. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी पार शेतांच्या बांधाला लागतं. फ्लेमिंगोला (पुस्तकात रोहित म्हणतात, कुणी अग्निपंख म्हणतं, नावाडी सरळ फ्लेमिंगोच म्हणतात) लागतो उथळ चिखल, गुडघाभर पाणी. पुढे कालव्यांना आणि नदीत पाणी सोडायला लागले की फुगवटा उतरतो, गाळ उघडा पडतो आणि मग ते येतात. त्यामुळे अमुक तारखेला येणारच असं कुणीही सांगू शकत नाही, एखाद्या वर्षी डिसेंबरमध्ये दिसतील, एखाद्या वर्षी फेब्रुवारी उजाडेल. कॅलेंडर बघून जाऊ नका, नावाड्याला फोन करून पाणी विचारा.

पण नोव्हेंबरची फेरी वाया गेली का, तर अजिबात नाही. मला तर ती तितकीच आवडली. काठावरच्या कुंभारगावच्या अलीकडे विजेच्या तारांवर भिंगऱ्या, म्हणजे स्वॅलो पक्षी, इतक्या बसलेल्या की तार जाड दिसत होती. काठावर पिवळे धोबी शेपटी हलवत फिरत होते. पाण्यावर कुरव, म्हणजे सीगल. यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत तपकिरी नसतंच, पांढरं असतं आणि कानाच्या मागे फक्त एक काळसर ठिपका. पहिल्यांदा बघताना हमखास गोंधळ होतो, आमच्या नावाड्याने न विचारता तो ठिपका दाखवला.

आणि नावं. आईला पक्ष्यांचं काही वेड नाही, ती माझ्यासाठी आली होती, पण वारकरी बघून तिचा चेहरा बदलला. काळाभोर पक्षी आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा, शेकड्यांनी एकत्र चाललेले, दुसरं काय नाव ठेवणार. मग हळदी-कुंकू बदक दिसलं. चोचीचं टोक पिवळं आणि चोच जिथे सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना लाल ठिपका. दुर्बिणीतून बघून आई म्हणाली, "अगं, ह्याला तर खरंच कुणीतरी हळदी-कुंकू लावून पाठवलंय." त्यानंतर दुर्बीण परत माझ्याकडे आलीच नाही.

त्या दिवशीचा सगळ्यात भारी क्षण कैकरचा, म्हणजे ऑस्प्रे, मासेखाऊ शिकारी पक्षी. पाण्यात बुडालेल्या बाभळीचा एक वाळका शेंडा वर आला होता त्यावर हा बसलेला, पायाखाली चांगली तळहाताएवढी चिलापी. नावाड्याने बरंच लांबून इंजिन बंद केलं आणि बोट आपोआप सरकू दिली. मासा अजून जिवंत होता, शेपूट हलत होती, आणि कैकर एकदा आमच्याकडे एकदा माशाकडे बघायचा. मग डोक्याकडून खायला सुरुवात केली. आम्ही दहाएक मिनिटं तिथे होतो आणि बोटीत एक शब्द कुणी बोललं नाही. निघताना सुद्धा त्याने आधी बांबूने बोट लांब नेली आणि मगच इंजिन चालू केलं, पक्षी जागचा हलला नाही. चांगला नावाडी म्हणजे काय हे मला तिथे कळलं.

आता जानेवारी. हडपसरहून पहाटे पावणेपाचला निघालो. सोलापूर रोडने अंतर साधारण १०० किलोमीटर आहे पण या दिवसात कारखाने चालू असतात, यवतच्या पुढे उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो, त्यामुळे अंधारात गाडी पळवू नका, अर्धा तास जास्तीचा धरा. साडेसातच्या आधी बोटीत बसायला हवं. नऊनंतर ऊन चढतं, वारा सुटतो आणि रविवार असेल तर धक्क्यावर जत्रा भरते.

दोन महिन्यात जागा ओळखू येत नव्हती. जिथे नोव्हेंबरात बोट चालली होती तिथे काळा गाळ उघडा पडलेला आणि त्यात लोकांनी हरभरा केला होता, गाळपेर. त्या गाळपेरीच्या कडेला पट्टकादंब चरत होते, पट्टेरी डोक्याचे हंस. डोक्याच्या मागे दोन काळे आडवे पट्टे, अगदी कुणी मोजून ओढल्यासारखे. हे पक्षी लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, ७००० मीटरच्या वरून उडताना यांची नोंद झालेली आहे, आणि इथे इंदापूर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात शांतपणे मान खाली घालून चरतायत. शेतकरी लांबून बघत होता, हाकलत नव्हता. मला त्या माणसाबद्दल फार बरं वाटलं.

पाण्यावर धुकं होतं त्यामुळे फ्लेमिंगो आधी ऐकू आले. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळा थवा मिळून सारखी एक कुजबुज करत असतो, लग्नघरात पहाटे बायका उठून हळू आवाजात बोलत असतात ना, तसं काहीतरी. नावाड्याने इंजिन बंद केलं, बांबू काढला आणि गाळात टेकत टेकत बोट पुढे नेली. धुकं जरा हललं आणि समोर गुलाबी-पांढरी रांग. मी मोजले नाहीत, तो म्हणाला तीनशेच्या आसपास असतील.

जवळून बघा हे लोक खातात कसे. चोच उलटी करून पाण्यात घालतात, म्हणजे वरचा भाग खाली, आणि गाळ गाळून त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खातात. खाताना पाय जागच्या जागी आपटत गोल फिरतात, चिखल ढवळून काढतात. त्या खाण्यातल्याच रंगद्रव्याने त्यांना गुलाबी रंग येतो म्हणून पिल्लं गुलाबी नसतात, राखाडी मळकी दिसतात. आमच्यासमोर अशी पाच-सहा होती, उंचीला मोठ्यांएवढी आणि रंगाने अगदी वेगळी. आई म्हणाली, "ही शाळेतली दिसतायत."

आणि मग जे झालं त्याची चीड अजून गेलेली नाही. दुसरी एक बोट, चार-पाच मोठ्या लेन्सवाले बसलेले, इंजिन चालू ठेवून सरळ थव्याच्या अंगावर. उद्देश एकच, उडतानाचा फोटो. सगळा थवा पाण्यावर धावत धावत उठला. पंख उघडल्यावर आतला लाल-गुलाबी आणि काळा रंग दिसतो, सुंदर दिसतं यात वाद नाही, पण पाच मिनिटांपूर्वी जे पोट भरत होते ते उपाशी उठले. अर्धा किलोमीटर लांब जाऊन बसले, ती बोट तिकडेही गेली. आमचा नावाडी शांत माणूस, एवढंच म्हणाला, "मावशी, दोन-तीनदा उठवलं की पाखरू पार करमाळ्याच्या काठाला जातंय. मग दिवसभर कुणालाच न्हाय." कृपा करून असं करू नका, आणि तुमचा नावाडी स्वतःहून करायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. गिऱ्हाईक मागतं म्हणून ते करतात, गिऱ्हाईकाने नको म्हटलं तर करणार नाहीत. तसंच ते कुरवांना शेव-गाठी टाकणं. धक्क्यावर पाकिटं घेऊन बोटीत बसणारे खूप दिसले, पोरांना मजा वाटते मान्य, पण मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं मीठ-तिखट कशाला. आमच्या बोटीत ते चालणार नाही असं त्याने बसतानाच सांगितलं होतं.

लाईफ जॅकेटचं स्पष्ट लिहिते. आम्हाला दोन्ही वेळा न मागता मिळालं आणि बांधून दिलं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींमध्ये तसं नव्हतं, एका बोटीत लहान मूल विनाजॅकेट बसलेलं मी बघितलं. याच उजनीच्या पाण्यात मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. पाणी शांत दिसतं म्हणून गृहीत धरू नका, जॅकेट नसेल तर बोट बदला, आणि दुपारच्या वाऱ्यात लांब जायचा हट्ट धरू नका.

खर्च सांगते. बोटीत आम्ही दोघी आणि अजून एक जोडपं, पूर्ण बोटीचे १५०० दिले, पावणेदोन तास फिरवलं. तुम्ही जाल तेव्हाचा रेट फोनवर विचारून घ्या आणि वेळही आधी ठरवा. दुर्बीण जरूर न्या, ८ बाय ४२ पुरते, त्याहून जास्त पॉवरची बोटीत हलते आणि डोकं दुखतं. जानेवारीत कानटोपी पाहिजेच. उणीव एकच मोठी, धक्क्याजवळ बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, पहाटे निघून गेलेल्या बाईला याचा खूप त्रास होतो. आम्ही जेवलो त्या घरी सोय झाली म्हणून निभावलं.

जेवण नावाड्याच्याच ओळखीच्या घरी, बाजरीची भाकरी, चिलापी फ्राय, लाल रस्सा, कांदा. चिलापी चुलीवरच्या तव्यातली, वरून कडक आणि आत अगदी मऊ. आईने चवीने खाल्ली पण म्हणाली, आमच्या नदीत हा मासा नव्हता. बरोबर आहे, चिलापी बाहेरून आलेली, धरणात माजली आणि जुने मासे कमी झाले, नावाडीही तेच सांगत होता.

आमच्या नदीत असं ती का म्हणाली ते सांगते. माझं आजोळ करमाळा तालुक्यातलं आणि जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलंय. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, गाव उठलं तेव्हा आई शाळेत होती. ती या पाण्याकडे कधी फिरायला म्हणून आलीच नव्हती, इतकी वर्षं मी बोलावत होते आणि ती टाळत होती. जानेवारीत परत येताना तिने नावाड्याला गावाचं नाव सांगून विचारलं, कुठल्या अंगाला येईल? त्याने बोट थांबवली, बांबूने दिशा दाखवली आणि म्हणाला, "लांब हाय मावशी, पण त्या वळणाच्या पल्याड. उन्हाळ्यात पाणी लई उतरलं की भिताडं दिसत्यात." ती बराच वेळ तिकडे बघत बसली. तेवढा वेळ त्याने बोट हलवली नाही, घड्याळही बघितलं नाही, आणि त्याचे जास्तीचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

वेळ असेल तर परतीला कडबनवाडीचं गवताळ रान करा, वनखात्याची सफारी आहे, बुकिंग आधी करून जा. आम्हाला पाच चिंकारा आणि गवतावरून खाली खाली उडणारा एक भोवत्या, म्हणजे हॅरियर शिकारी पक्षी, दिसला, खोकड (कोल्ह्याच्या जातीचा छोटा प्राणी) दिसलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारची बोट बोलून ठेवलीय. या वेळी फोन आईनेच केला आणि पाणी किती उतरलंय ते आधी विचारलं. मामा पण येतोय.