मेळघाटात सेवेला जायचं: दहा दिवसांची टीम की तीन महिन्यांचा मुक्काम?

मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मेळघाटाचा विषय निघाला की चर्चा आधी तारखांवर आणि गाडीवर जाते. त्याआधी एक गोष्ट ठरवावी. आपण परतल्यावर हे काम गावात कोण चालवणार? काम आपल्यासमोरच पूर्ण होणारं असेल तर दहा दिवस पुरतात. ते रोज कोणीतरी करत राहावं लागणार असेल, तर तीन महिन्यांखाली जाण्यात अर्थ नाही.

दहा दिवसांत घर किंवा प्रार्थनाघर पावसाळ्याआधी शाकारून होतं. सगळे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, कुजलेले बांबू बदलायचे आणि खालून वर रांगा पुन्हा लावायच्या. फुटके किती निघतील हे वर चढल्याशिवाय कळत नाही, म्हणून जादा कवेलू आधीच आणून ठेवावेत. अर्धं छप्पर उघडं असताना वळवाचा पाऊस आला तर घरातलं धान्य भिजतं. एका दिवशी जेवढं झाकून होईल तेवढंच उघडायचं. हातपंपाजवळचा, सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डाही दहा दिवसांत होतो: एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल, तळाला मोठे दगड, वर लहान. मात्र इथे थोडं खणलं की काळा खडक लागतो. पहार आणि घण नसेल तर पहिला दिवस वाया जातो.

आरोग्य शिबिर दहा दिवसांत बसवायचा मोह होतो. आमचं मत त्याच्या विरोधात आहे. रक्तदाबाच्या पाच दिवसांच्या गोळ्या देऊन निघून गेलं तर सहाव्या दिवशी तो माणूस होता तिथेच असतो. डोळे तपासायचे असतील तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख, दवाखाना आणि न्यायची-आणायची गाडी आधी पक्की हवी. डॉक्टर नसलेल्याने गोळ्या वाटायच्याच नाहीत. शिबिर घ्यायचंच असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला सोबत घेऊन, म्हणजे रुग्णाची नोंद तिथे राहते.

पाण्याचं काम या दोन पर्यायांच्या मधोमध येतं. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकावी लागते. हिशेब सोपा आहे: हजार लिटरला चांगली पावडर सुमारे २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर खोल असेल तर साधारण १४,००० लिटर पाणी, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर कोणी पाणी भरायचं नाही. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर बहुतेक वेळा पावडर जुनी असते. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं. ही पद्धत टीमला एका दुपारी शिकता येते. पण पाऊस चालू असेपर्यंत ती रोज करायची असते आणि ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं काम आहे. तीन महिने राहणारा माणूस त्याच्यासोबत रोज विहिरीवर जाऊ शकतो.

मुक्कामाचं खरं मोल मुलांच्या बाबतीत कळतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. टेप लावायला मिनिट लागतं. त्यानंतर दर आठवड्याला त्या घरी जाणं, मूल आजारी पडलं तर आशाताईला कळवणं, आईला उपजिल्हा रुग्णालयात धारणीला जायला तयार करणं, हे दहा दिवसांत बसत नाही. जुलाब लागलेल्या मुलासाठी ओआरएसचं आख्खं पाकीट एका पेल्यात कालवणाऱ्या आया भेटतात. पाकीट एक लिटरचं असतं आणि केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. हे एकदा सांगून भागत नाही; त्यांच्या चुलीपाशी बसून, त्यांच्याच भांड्याने लिटर मोजून दाखवावं लागतं.

भाषेचाही विचार करा. इथल्या कोरकू आदिवासींची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. बाहेरच्यांशी लोक हिंदीत बोलतात, पण वयस्क बायांना तीही अवघड जाते. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने कोरकूचं व्याकरण १९०३ मध्ये छापलं. धावत्या भेटीत असं काम होत नसतं. दहा दिवसांच्या टीमने गावातलाच दुभाषी घ्यावा आणि त्याची मजुरी द्यावी.

हंगाम चुकला की दोन्ही पर्याय फसतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला घरं रिकामी होतात, मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं मजुरीला बाहेर जातात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत आपला कार्यक्रम ठेवू नये. सभा, प्रार्थना, भेटी रात्री जेवणानंतरच.

छपराचं काम मे महिन्यात येतं आणि नेमकं तेव्हा पाण्याची ओढाताण असते. माणशी रोज वीस लिटर धरले तर वीस जणांची टीम गावाच्या हातपंपातून ४०० लिटर उपसते. म्हणून मे महिन्यात चार जणच जावेत. शिधा परतवाड्यातूनच घ्यावा: चौघांना दहा दिवसांसाठी सुमारे १६ किलो तांदूळ-कणीक, ३ किलो डाळ, सव्वा लिटर तेल. यजमान कुटुंबाच्या रेशनवर राहू नये. मुक्कामाच्या माणसाने जूनच्या मध्यात, पहिल्या मोठ्या पावसाआधी पोचावं. नंतर नाल्यांना पूर आला की काही गावांचे रस्ते तुटतात. बाजेवर झोपणं, मच्छरदाणी आणि रात्री टॉर्च यांत तडजोड नाही, कारण पावसात साप आणि मलेरिया दोन्ही असतात.

परवानगीचं काम दोघांनाही सारखंच. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत (आदिवासी क्षेत्रात) येतात, तेव्हा आधी ग्रामसभेला भेटा. गाव व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत असेल तर वनखात्यालाही. परदेशी पाहुणा पर्यटक व्हिसावर मिशनकार्य करू शकत नाही. मदत आणि सुवार्ता एकाच टेबलावर ठेवू नका. कपड्यांचं गाठोडं सोडून लगेच प्रार्थना सुरू केली तर गावाला ती अट वाटते, आणि त्याचा त्रास तुम्ही परतल्यावर तिथल्या चार विश्वासी (ख्रिस्ती) घरांना होतो. जुने कपडे तर नेऊच नयेत. कोणाला मिळाले, कोणाला नाही यावरून भांडणं लागतात.

नोकरी-कॉलेजमुळे दहाच दिवस मिळत असतील तर शाकारणी किंवा शोषखड्डा घ्या आणि तोच पूर्ण करा. परिचारिका, शिक्षक किंवा नुकतंच शिक्षण संपलेली व्यक्ती असेल आणि घरून पावसाळाभर सुटका होत असेल, तर तीन महिने द्या, एकट्याने नाही, दोघांनी. दोन्ही बाबतींत निघण्याच्या महिनाभर आधी तिथल्या पाळकांना फोन करून विचारा की गावाने नेमकं काय मागितलंय. त्यांनी दुसरंच काम सांगितलं तर ते घ्या.