पर्यावरण मानवशास्त्रात संशोधन करायचे असेल, तर परिसरशास्त्राकडून यावे की मानवशास्त्राकडून?

विज्ञानाची पदवी हातात आहे, जंगल आणि जंगलाकाठची माणसे या दोहोंविषयी सारखीच आस्था आहे आणि पुढे पीएच.डी.पर्यंत जाण्याची तयारी आहे, अशा विद्यार्थ्यासमोर पर्यावरण मानवशास्त्रात, म्हणजे माणूस आणि भोवतालचा निसर्ग यांच्या नात्याच्या अभ्यासात, शिरण्याचे साधारणपणे दोन मार्ग असतात. परिसरशास्त्रात (इकॉलॉजी) किंवा पर्यावरणविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन माणसांच्या प्रश्नांकडे वळावे, किंवा आधी मानवशास्त्र शिकून मग झाडे, माती आणि पाणी यांचे ज्ञान मिळवावे. अभ्यासक्रम, शुल्क आणि प्रवेशपरीक्षा यांची माहिती सहज मिळते, म्हणून ती येथे देत नाही. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर असून काही काळ एका परिसरशास्त्रीय प्रकल्पात क्षेत्र-साहाय्यक होतो. त्यानंतर मानवशास्त्राकडे वळलो आणि सध्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतील राबाच्या शेतीवर प्रबंध लिहीत आहे. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत, परंतु माझे मत तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

राबाचेच उदाहरण घेऊ. रोपे वाढवायच्या जागेवर शेण, आईनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पावसाळ्यापूर्वी आग वाऱ्याच्या उलट दिशेने सावकाश सरकेल अशा बेताने ते भाजायचे, ही पद्धत कोकणात आणि घाटमाथ्यावर जुनी आहे. परिसरशास्त्र शिकलेला विद्यार्थी येथे विचारतो की तणाचे किती बी जळून जाते, राखेतून मातीला काय मिळते आणि छाटलेला आईन पुन्हा किती पालवतो. मानवशास्त्र शिकलेला विचारतो की हा आईन कोणाचा, भावांच्या वाटणीत बांधावरची झाडे कशी विभागली गेली, ज्याच्याकडे झाड नाही तो राबासाठी पाला कोठून आणतो, झाडावर कोण चढतो आणि भारे कोण वाहते. ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगाचा १८८७ चा अहवाल वाचला, तर हे दोन्ही प्रकारचे प्रश्न तेव्हापासूनच एकमेकांत गुंतलेले दिसतात. म्हणजे विषय एकच असतो. पहिल्या दिवशी तोंडातून कोणता प्रश्न बाहेर पडेल, ते मात्र शिक्षण ठरवते.

परिसरशास्त्राच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून बोलतो. झाड ओळखता येणे ही लहान गोष्ट नव्हे. गावातला माणूस ज्या पाल्याविषयी बोलतो तो कोणत्या झाडाचा, हे कळले नाही तर मुलाखत निम्मी वाया जाते. नमुना कसा निवडावा आणि मोजणीतला दोष कसा ओळखावा, याची जी शिस्त या शास्त्रात लागते ती पुढे कोठेही कामी येते. नोकरीच्या दृष्टीने पाहिले तर सल्लागार कंपन्या, संवर्धन संस्था आणि शासकीय प्रकल्प यांत परिसरशास्त्राच्या पदवीला मागणी अधिक आहे, निदान माझ्या बरोबरीच्या मित्रमंडळींत तरी तसे दिसले. जीवशास्त्राच्या बाजूने गेलेल्याला सीएसआयआरच्या नेट परीक्षेतून छात्रवृत्ती मिळवता येते. त्या परीक्षेत मानवशास्त्र हा विषयच नाही, तो यूजीसीच्या नेटमध्ये आहे. या बाजूने आलेल्यांनी महाराष्ट्रात मोठे काम केलेले आहे. पश्चिम घाटातल्या देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख आजही देवरायांच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानला जातो, आणि ते दोघेही मानवशास्त्राचे नव्हते.

मग मी तेथे का राहिलो नाही? कारण एकच आहे आणि ते कोणाला किरकोळ वाटेल. ते म्हणजे मोजपट्टी.

प्रकल्पात माझे काम आखलेल्या चौकटीतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजण्याचे आणि खोडावर रंगाने क्रमांक टाकण्याचे होते. मोजपट्टी पिशवीतून बाहेर आली की आसपासचे बोलणे बदलत असे, आणि हे एखाद्या वाडीपुरते नव्हते. एका ठाकरवाडीत सकाळी ज्या गृहस्थांनी आईनाची कोणती फांदी ठेवायची आणि कोणती उतरवायची हे मला झाडाखाली उभे राहून समजावले होते, तेच दुपारी माझ्या हातातली पट्टी पाहून म्हणाले, “राब आता कोण करतंय, साहेब? बंदच झालं ते.” त्या वेळी समोरच्या उतारावर नुकत्याच भाजलेल्या राबाचे काळे चौकोन दिसत होते. सकाळी मी त्यांच्यासाठी “दादा” होतो, दुपारी “साहेब” झालो. त्यांनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. ज्या वाडीने पिढ्यान्‌पिढ्या मोजणी पाहिली ती हद्दीसाठी, दंडासाठी किंवा जमीन जाण्यासाठी, त्या वाडीने मोजणाऱ्या माणसाशी याहून वेगळे का बोलावे?

ही पट्टी नेहमी भीतीच निर्माण करते असेही नाही, आणि संशोधनाच्या दृष्टीने ते अधिक अडचणीचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो आणि त्यासाठी मोजणी लागते. जेथे दावे प्रलंबित आहेत तेथे हातात जीपीएस घेतलेला तरुण दिसला, की तो दाव्याच्या कामाला आला असावा अशी आशा उत्पन्न होते, आणि मग दळीची, म्हणजे डोंगरउतारावर कसायची, जमीन सांगण्यात जुनी आणि मोठी होत जाते. एका वाडीत राब नाहीसा होतो, दुसऱ्या वाडीत शेत वाढते, आणि दोन्ही आकडे माझ्या वहीत सारख्याच विश्वासाने नोंदले जातात. आकडेशास्त्राने हा दोष थोडाफार दुरुस्त करता येत असेलही. मला तरी त्याची रीत सापडली नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल, की परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्याने पट्टी घरी ठेवून आधी गावात राहावे. तत्त्वतः ते शक्य आहे. व्यवहारात मात्र प्रबंधाच्या समितीसमोर पहिल्याच वर्षी चौकटींची संख्या आणि प्रश्नावली ठेवावी लागते, आणि मंजूर झालेली प्रश्नावली नंतर बदलणे जिकिरीचे असते. मानवशास्त्रात साधारण वर्षभर, म्हणजे शेतीचे एक पूर्ण चक्र, गावात राहण्याची परंपरा आहे, आणि त्या काळात काय मोजायचे आणि ते कधी मोजायचे हे संशोधकाला ठरवता येते. मोजणीला या शास्त्रातही स्थान आहे. रॉय रॅपपोर्ट यांनी न्यू गिनीतल्या त्सेम्बागा मारिंग लोकांच्या आहारातल्या रताळ्यांची वजने केली, १९६८ मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि उष्मांकांच्या हिशेबात माणूस हरवला अशी टीका पुढे कित्येक वर्षे सोसली. तिला त्यांनी १९८४ च्या आवृत्तीत सविस्तर उत्तर दिले. ती टीका मला पुष्कळ अंशी पटते. तरीही त्यांचा तराजू ते ज्या वस्तीत राहत होते त्या वस्तीत लागला होता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मानवशास्त्राच्या उणिवा लपवू नयेत. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या विभागासारखे पर्याय मोजकेच आहेत. वर्गात नातेसंबंधांच्या आकृत्या शिकवल्या जातात, पण आईन आणि किंजळ यांतला फरक कोणी दाखवत नाही; वनस्पतिशास्त्राची पदवी नसती तर माझे पहिले काही महिने फार कठीण गेले असते. शिवाय या बाजूचे काही प्रबंध मातीला हात न लावता केवळ बोलण्यावर उभे राहतात, आणि अशा प्रबंधांत जंगल हे नाटकाच्या पडद्यासारखे मागे लटकत राहते. याउलट, इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणाची किती जमीन गेली आणि त्यांना काय मिळाले याच्या नोंदी माणसांच्या सांगण्याइतक्याच काळजीने कशा ठेवाव्यात, हे शिकायला ती आजही उपयोगी पडते.

दोन्ही शास्त्रे एकत्र आली तर काय होते, हेही येथे घडून गेले आहे. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि परिसरशास्त्रज्ञ गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. फासेपारधी प्रामुख्याने फास लावून हरणे आणि पक्षी धरत, वैदू सापळ्यांनी लहान मांसाहारी प्राणी पकडत, आणि नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर आणि घोरपड मारत. एकाच मुलुखात फिरूनही त्यांच्यात स्पर्धा कमी होती. शिकारीच्या प्राण्यांच्या जाती ओळखणारा आणि जमातींच्या पालांवर बसू शकणारा, असे दोघेही लागल्याशिवाय हे हाती लागले नसते असे मला वाटते.

म्हणून ज्याला संवर्धन संस्थेत लवकर नोकरी हवी आहे, किंवा ज्याचा प्रश्न मुळात झाडाचा, मातीचा अथवा प्राण्याचा आहे, त्याने परिसरशास्त्रच घ्यावे. ज्याचा प्रश्न “हे कोणाचे आणि ते कोणी ठरवले” असा आहे, त्याने मानवशास्त्राचा विचार आधी करावा, असे मी सुचवेन. मात्र तसे केल्यास पहिल्याच वर्षी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागाच्या संग्रहातले नमुने पाहण्याची परवानगी काढावी आणि आपल्या परिसरातली निदान राबाची, सरपणाची आणि रानभाजीची झाडे-झुडपे पक्की करून घ्यावीत. मार्गदर्शक ठरवताना दुसऱ्या शास्त्रातले सहमार्गदर्शक घेता येतील का, हे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारून ठेवावे, कारण नंतर विचारल्यास नियम आठवणारे पुष्कळ जण भेटतात.