ग्रीक ‘चांदीची’ स्मृतिपदकं: सही खरी, डाय खरी, धातू खोटा

वासोस फालिरेआस (१९०५–१९७९) यांच्यासारख्या ग्रीक शिल्पकाराचं पदक चांदीचं म्हणून घेत असाल, तर आधी हे वाचा. या फसवणुकीत पदक नकली नसतंच. स्मृतिपदकं पुष्कळदा एकाच डायवर (ठशाच्या साच्यावर) चांदीत आणि ब्राँझमध्ये काढतात. त्यातलं स्वस्तातलं ब्राँझ उचलायचं, त्यावर चांदीचं पाणी चढवायचं, कडेवर ‘९२५’ (९२.५ टक्के चांदीची खूण) ठोकायचं, झालं. भिंगातून सही नि अक्षरांची धार तपासणारा मुरलेला संग्राहकच यात आधी अडकतो, कारण ते सगळं अस्सल असतं.

तपासायला आलेल्या अशा एका पदकाचा व्यास ६० मिमी, वजन १०४.२ ग्रॅम. घेणाऱ्याने चुंबक लावला होता, बर्फ ठेवून पाहिला होता, ॲसिडही टाकलं होतं. तिन्हींत पास! होणारच. ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही, मुलाम्याखालचा धातूही बर्फ भराभर वितळवतो आणि ॲसिडला फक्त वरची चांदी भेटते. सराफाकडच्या टंच मशीनवरही विसंबू नका. ते वरचा पातळ थर वाचतं. मुलामा जाड असला की खुशाल नव्वदच्या वर टंच दाखवतं.

चोरी पकडते ती घनता. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. आधी पदकाचं कोरडं वजन करा. मग हलक्या प्लास्टिकच्या भांड्यात पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून ते काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. (काचेचं भांडं नको, २०० ग्रॅमचा काटा त्यातच संपतो.) पदक बारीक नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण बुडेल असं टांगा, तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, टेकलं तर आकडा फुगतो. चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा. आता जो आकडा दिसेल (पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन), त्याने कोरड्या वजनाला भागा; येते ती घनता.

स्टर्लिंग, म्हणजे ९२५ चांदीचं उत्तर १०.३ ते १०.४ येतं. या पदकाने पाण्यात ११.९ दाखवले, म्हणजे घनता ८.७६: सरळ ब्राँझ. एवढ्याच आकारमानाचं ९२५ चांदीचं पदक १२३ ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. उत्तर बरोबर येऊनही पदक वाजवल्यावर बद्द आवाज आला, तर आत शिशाची भर असू शकते. शिसं चांदीपेक्षा जड.

हात बसवायला फालिरेआस यांनीच घडवलेलं १९६० चं २० द्राख्माचं नाणं घ्या. ते ८३५ टंचाचं (८३.५ टक्के चांदी), ७.५ ग्रॅमचं, पाण्यात ०.७३ किंवा ०.७४ दाखवायला हवं. तिथे चूक आली तर पद्धत सुधारा, पदकाला दोष देऊ नका.

कड दहापट भिंगाखाली पाहा. मुलाम्यानंतर हाताने पंच मारला असेल तर आकड्यांभोवती धातूची उचललेली कड दिसते आणि खाचेच्या तळाशी तांबूस झाक. आधी पंच मारून मग पाणी चढवलं असेल तर आकड्यांचे कोपरे भरून गोल झालेले असतात. पदक काळवंडलंय म्हणून चांदी समजू नका, मुलामाही तसाच काळवंडतो. नाकाचा शेंडा, भुवया, केसांच्या बटा या उंचवट्यांवरचा रंग पाहा; पाणी तिथूनच आधी उडतं.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून काट्यावरचा फोटो, कॅलिपरने मोजलेला व्यास आणि जाडी मागा. सोबतच्या ग्रीक कागदाचा पूर्ण उलगडलेला फोटो मागा. त्यावर ‘एपारयिरो’ (επάργυρο) असेल तर तो चांदीचा मुलामाच, आणि नेमकी तीच घडी फोटोत झाकलेली असते. ‘कॅप्सूल उघडली तर परत घेणार नाही’ अशी अट असेल तर व्यवहार तिथेच सोडा, कारण कॅप्सूल न उघडता घनता काढता येत नाही आणि हे त्यालाही ठाऊक असतं. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ घ्या, त्यातच वजन करा. ॲसिड लावू नका. डाग पडला की पदक परत करण्याचा हक्कही गेला.