होमस्कूलमध्ये हायस्कूलचं इंग्लिश: घरी, ऑनलाइन क्लास, एपी की कम्युनिटी कॉलेज?

अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं इंग्लिशची ४ वर्षं मागतातच, त्यामुळे घ्यायचं की नाही हा प्रश्न नाही, कुठून घ्यायचं एवढंच ठरवायचंय. आणि प्लीज पुस्तकांच्या याद्या तुलना करत बसू नका, मुलाचा निबंध नीट वाचून ‘इथे तुझा मुद्दा सुटलाय’ हे त्याला कोण सांगणार ते आधी बघा, सगळं घोडं तिथेच अडतं.

घरी रेडीमेड करिक्युलम घेतलं तर स्वस्त पडतं, वेळ आपल्या हातात राहतो, साधारण १२० तास काम झालं की १ क्रेडिट, म्हणजे एका विषयाचं एक वर्ष, धरतात. पण तपासणार आईबाबा, आणि पंधरा वर्षांचं पोरगं आईने लाल पेन उचललं की ऐकून घेतं का, तुम्हीच सांगा.

लाइव्ह ऑनलाइन क्लास महाग, पण डेडलाइन दुसऱ्या कुणाची असते आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या गुणपत्रकावर, बाहेरच्या शिक्षकाचा ग्रेड येतो. पैसे भरायच्या आधी विचारा की वर्षात निबंध किती आणि त्यावर लेखी शेरे मिळतात का. नुसते व्हिडिओ आणि क्विझवाले कोर्स मी तरी घेणार नाही.

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, शेवटी कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा. इंग्लिशचे त्यात दोन आहेत, लँग्वेज म्हणजे युक्तिवाद आणि नॉनफिक्शन, लिटरेचर म्हणजे कविता, कथा, कादंबरी, नाटक. सायन्सवाल्या मुलांना पहिलं जास्त उपयोगी पडतं असं माझं मत. कोर्स न करताही परीक्षा देता येते, मात्र ट्रान्सक्रिप्टवर ‘एपी’ लिहायचं असेल तर सिलॅबस कॉलेज बोर्डाने मंजूर केलेला लागतो. परीक्षा मे महिन्यात असली तरी आसपासची कुठली शाळा बाहेरच्या मुलाला बसू देईल ते आदल्या सप्टेंबरातच विचारायला लागा, कारण शाळांची प्रश्नपत्रिकांची ऑर्डर नोव्हेंबरात जाते.

ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजात (जवळच्या सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात) कोर्स घेणं, मला सगळ्यात आवडतं, एका सेमिस्टरचा कॉलेज कोर्स बरेच जण वर्षभराचं क्रेडिट धरतात आणि काही राज्यांत फीसुद्धा माफ असते. फक्त सोळाव्या वर्षी मिळालेला सी ग्रेड कॉलेज रेकॉर्डवर कायमचा राहतो, आणि राज्याच्या युनिव्हर्सिटीत क्रेडिट सहसा चालतं तसं नामांकित खाजगी कॉलेजांत चालेलच असं नाही. म्हणून नववी-दहावी घरी, जोडीला लेखनाचा एखादा लाइव्ह क्लास, आणि अकरावीपासून एपी किंवा कॉलेज, असं मी करेन.

मूल कॉलेजच्या टीमकडून डिव्हिजन वन किंवा टू या वरच्या गटांत खेळणार असेल तर एनसीएएला (कॉलेजच्या खेळांची संघटना) घरी शिकवलेल्या प्रत्येक मुख्य विषयाच्या कोर्सचं वर्कशीट, म्हणजे कोर्सच्या माहितीचा फॉर्म, द्यावं लागतं, ते नववीपासूनच भरत चला.